जरा ॲडजस्ट करा

‘जरा ॲडजस्ट करा ना’ हे वाक्य मराठी आहे. ‘जरा’ आपलं, ‘करा’ आपलं, शेवटचा आर्जवी ‘ना’ तर अगदीच घरचा. मधला एक शब्द तेवढा बाहेरून आलेला. हेच वाक्य लंडनच्या बसमध्ये कुणाला जसंच्या तसं इंग्रजीत ऐकवलं, तर तो बिचारा चष्मा सारखा करील, नाहीतर गळ्यातला टाय. ‘काय ॲडजस्ट करू?’ असा त्याचा साधा प्रश्न असेल. त्याच्या भाषेत या क्रियापदाला बहुधा कर्म लागतं: आरसा, खुर्चीची उंची, रेडिओचा आवाज. कर्म नसेल तर कशाशी जमवायचं ते तरी सांगावं लागतं: नव्या गावाशी, अंधाराशी, बदललेल्या वेळेशी. आपण दोन्ही गाळून टाकलं. काय आणि कशाशी, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. गंमत म्हणजे तो ओळखतो.

इंग्रजी क्रियापदं मराठीत एकटी येतच नाहीत. ‘कॅन्सल’, ‘कन्फर्म’, ‘फॉरवर्ड’, सगळ्यांच्या मागे आपलं ‘करणं’ किंवा ‘होणं’ उभं असतं. काळ, लिंग, वचन सगळं तेच सांभाळतं. बंगळुरूला जाऊन आलेल्यांनी ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ ऐकलेलं असतंच. त्यातला ‘माडी’ म्हणजेही ‘करा’. एवढ्या आपल्या शब्दांच्या घोळक्यात परक्या शब्दाचा अर्थ बदलला नाही तरच नवल. ‘मॅनेज’चं पाहा. तिकडे तो कारखाने चालवतो. इकडे ‘साहेबांना मॅनेज केलं’ म्हटलं की डोळ्यांपुढे पाकीट येतं. ‘ॲडजस्ट’ इतका वाया गेला नाही, पण तोही सरळ राहिलेला नाही. ‘मी ॲडजस्ट केलं’, ‘मी ॲडजस्ट झाले’, ‘मला ॲडजस्ट करावं लागलं’, ‘तिनं ॲडजस्ट करायला हवं होतं’ ही सगळी रोजची वाक्यं. कोण कुणाबद्दल बोलतंय एवढं कळलं की त्या घरात कुणाचं किती चालतं तेही कळतं.

या क्रियापदाचं माहेर म्हणाल तर मुंबईची लोकल. लोकलचं बाकडं तीन जणांसाठी केलेलं. चौथी सीट प्रवाशांनी काढली. कुठल्याही कागदावर ती नाही, पण संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये तिच्याइतकी खरी गोष्ट दुसरी नाही. बायकांच्या डब्यात हे जवळून बघावं. आधी ‘थोडा ॲडजस्ट करो’, कारण समोरची गुजराती आहे, तमिळ आहे की आपलीच, हे कळेपर्यंत हिंदी बरी. आपलीच निघाली तर ‘सरक गं जरा’. मग खिडकीतली पर्स मांडीवर घेते, मधली खांदा तिरका करते, तिसरी श्वास आत ओढून दोन बोटं आत जाते. एवढ्यानं जी जागा होते ती बसायची नसतेच, टेकायची असते. चौथीचा एक पाय येण्याजाण्याच्या वाटेत, एक हात दांडीला, आणि गाडीनं रूळ बदलला की निम्मं अंग हवेत. कुणी आभार मानत नाही, कुणाची तशी अपेक्षाही नसते.

घाटकोपरला खिडकीतली उतरते आणि सगळ्याजणी एकेक जागा आत सरकतात. आता चौथी तिसरी झाली. तिचं बूड नीट टेकतं न टेकतं तोच पुढ्यात एक नवी येऊन उभी राहते आणि म्हणते, ‘जरा ॲडजस्ट...’ त्या वेळी या नव्यानं तिसरी झालेल्या बाईचा चेहरा बघण्यासारखा असतो. दादरपासून आपण काय आर्जव करत होतो, हे ती साफ विसरलेली असते. कपाळाला आठी घालते, समोरच्या बाकड्याकडे बोट दाखवते, ‘तिकडे बघा’ म्हणते. तरी शेवटी सरकतेच.

रेल्वेच्या भाषेत या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. तो आकडा अभियंत्यांना लागत असेल. डब्यातल्यांना एक क्रियापद पुरतं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट आणि बोरिवलीच्या दरम्यान पहिली लेडीज स्पेशल धावली, सगळी गाडीच बायकांची झाली, पण चौथी सीट तिच्यातही चढलीच. मला लोकलमधल्या या ॲडजस्टबद्दल आदर आहे, आणि तो गर्दीचं कौतुक म्हणून नाही. गर्दी ही गैरसोयच आहे, तिला ‘मुंबईचं स्पिरिट’ वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात उभं राहून दाखवावं. आदर आहे तो वेगळ्या कारणासाठी. तिथे पाळी फिरते. मागणारी थोड्या वेळानं देणारी होते. ‘ॲडजस्ट करा’ म्हणायचा हक्क आणि ऐकायचं ओझं दोन्ही ठाण्यापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला येऊन जातात.

शब्दाचं कूळ शोधत गेलं की लॅटिनपाशी पोचतो. ‘युक्स्टा’ म्हणजे जवळ, शेजारी. त्यावरून जवळ आणणं, शेजारी ठेवणं असं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. वाटेत लोकांची अशी समजूत झाली की हा ‘जस्ट’ म्हणजे रास्त, न्याय्य, या शब्दाचाच भाऊबंद असणार. त्या समजुतीनं शब्दाचं रूपही हललं आणि अर्थही. म्हणजे जन्म शेजारातला, न्याय मागाहून चिकटलेला. बाकड्यावर शेजारी घेणं हा आपला अर्थ नकळत थेट मुळाशी जाऊन भिडला आहे. न्यायाचं म्हणाल, तर तो या शब्दात गृहीत धरू नये. जिथे तिथे वेगळा तपासून घ्यावा.

हा शब्द येण्याआधी आपण काय म्हणत होतो? एक शब्द नव्हता, चांगले चार-सहा होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं होतं. पगार लहान, महिना मोठा, तर ‘भागवणं’. आमटी खारट झाली तर ‘चालवून घेणं’. नव्या सुनेच्या हातून पाहुण्यांदेखत काही चुकलं, तर सासूनं ‘सांभाळून घेणं’. दोन स्वभावांची तोंडं दोन दिशांना, तर ‘जुळवून घेणं’. आणि वाद नको म्हणून आपलं खरं असताना गप्प बसणं, हे ‘पडतं घेणं’. शब्द कानावर पडला की उणीव पैशाची आहे, चवीची आहे की स्वभावाची, ते कळायचं. मुख्य म्हणजे वाकलं कोण, तेही कळायचं. ‘ॲडजस्ट’नं हे सगळे एका घासात गिळले. मी काही भाषाशुद्धीची झेंडेवाली नाही. शब्द सोयीचा असेल तर तो राहणारच. पण ‘मी पडतं घेतलं’ म्हणताना जीभ अडते आणि ‘मी ॲडजस्ट केलं’ म्हणताना अडत नाही, ही सोय जरा संशयास्पद आहे. पडतं घेतलं म्हटलं की ऐकणारा विचारतो, का? ॲडजस्ट केलं म्हटलं की तो मान डोलावतो.

लग्नाच्या बाजारात हे जास्त ऐकू येतं. ‘मुलगी ॲडजस्ट करणारी हवी’ ही अपेक्षा आता कुणी लिहून देत नाही, शोभत नाही ते. फोनवर हळूच सांगतात. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मुलीला मावशा, काकवा, शेजारणी सगळ्या विचारतात, ‘काय गं, ॲडजस्ट झालीस ना?’ या प्रश्नाला उत्तर एकच असतं. मुलालाही विचारतात, नाही असं नाही. नव्या ऑफिसात ॲडजस्ट झालास का, तिकडच्या थंडीला ॲडजस्ट झालास का, कॅन्टीनच्या जेवणाला झालास का. साहेबाशी, हवेशी, डाळीशी. आपल्या घरात आपल्याला कुणाशी ॲडजस्ट व्हायचं आहे, हे त्याला विचारायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. माहेरचा चहा कडक, आलं ठेचून घातलेला, साखर बेताची. सासरी दुधाळ, गोड, वेलचीचा. पहिले काही दिवस तिनं आपल्यापुरतं वेगळं आधण ठेवलं. मग कुणीतरी सहज म्हणालं, एवढ्याशासाठी दोन पातेली कशाला. भांडण नाही, टोमणाही नाही. खरंच सहज म्हणालं. तिनं दुसरं पातेलं ठेवायचं सोडलं. सुरुवातीला अर्धा कप पिऊन ठेवायची, मग पूर्ण प्यायला लागली. काही वर्षांनी माहेरी गेली तेव्हा आईनं हौसेनं केलेला चहा तिला कडू लागला, आणि तिनं वर चमचाभर साखर मागून घेतली. आईनं साखरेचा डबा पुढे केला आणि मला म्हणाली, ‘अगदी ॲडजस्ट झाली हो आमची!’ आवाजात कौतुक होतं. मी हसले. आता यात कुणावर अन्याय झाला, असं म्हणावं तर आपणच भांडखोर ठरू. एका पातेल्याची तर गोष्ट. पण त्या घरातल्या कुणालाही, कधीतरी, गंमत म्हणून का होईना, आल्याचा कडक चहा पिऊन बघावासा वाटला नाही, एवढं माझ्या डोक्यातून जात नाही.

जागेची अडचण असते तेव्हा मात्र आपली माणसं या शब्दाला जागतात, असा माझा अनुभव आहे. १९७० साली राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ आला; पुढे दोन वर्षांनी बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. विषय काय, तर भरलेल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. आज हे विनोदी वाटतं. त्या काळी चाळीत राहणाऱ्यांना ते वाटलं नसणार, कारण दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं आणि वर गावाहून कोर्टाच्या कामासाठी आलेले काका, हे कित्येक घरांतलं नेहमीचं चित्र. थोरल्या मुलाचं लग्न झालं की म्हातारे सासरे उन्हाळ्यात हवेसाठी म्हणून गॅलरीत झोपायला लागायचे आणि पावसाळ्यातही ‘आत फार उकडतं’ म्हणायचे. त्याला ॲडजस्ट करणं म्हणतात. जो करत होता तो तसं म्हणत नव्हता, हा त्यातला फरक.

रेल्वेनं या वृत्तीला चक्क तिकिटाचा दर्जा दिला: आरएसी. बाजूचा खालचा एक बर्थ आणि त्याचे दोन धनी. पाठ खिडकीच्या दोन टोकांना, पाय एकमेकांकडे. आधी दोघंही अवघडून बसतात, मग कुणीतरी डबा उघडतो, दशमी पुढे होते, आणि साडेदहाच्या सुमारास ‘तुम्ही पडा दोन तास, मग मला उठून जागा द्या’ असा करार होतो. लेखी काही नाही. बहुतेक वेळा पाळला जातो.

सरकारी मराठीत याच शब्दाला ‘समायोजन’ म्हणतात. शाळेत आयुष्य काढलेल्यांना या शब्दाचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. पटसंख्या घटते, तुकडी तुटते, संचमान्यतेत एक पद कमी येतं, आणि त्या पदावरचा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. अतिरिक्त म्हणजे जादा. भाजीत मीठ असतं तसं. मग यादी निघते, रिक्त जागांशी नावं लावली जातात, आणि एक दिवस कळतं की अमुक सरांचं समायोजन झालं. मराठी माध्यमाच्या शाळांमधून हे किती ऐकलं! वर्षानुवर्षं एकाच वर्गात ‘अपूर्णांक’ शिकवणारा माणूस दुसऱ्या गावच्या शाळेत हजर व्हायला निघतो, तेव्हा निरोप समारंभ करावा की नाही यावरच स्टाफरूममध्ये कुजबुज चालते, कारण तो निवृत्तही झालेला नसतो आणि त्याची साधी बदलीही झालेली नसते. ‘समायोजन झालं.’ या वाक्यात कर्ताच नाही. लोकलमध्ये निदान समोर तोंड असतं, नाही म्हणता येतं. इथे ‘करणं’ जाऊन ‘होणं’ आलं. माझं शिक्षकी व्याकरण मला एवढं सांगतं की जिथे ‘होणं’ येतं तिथे कुणी ‘केलं’ ते आधी शोधावं.

पैशाच्या बाजूनं फार सांगण्यासारखं नाही. वाण्याकडे सुटे नसले की ‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू’, भाडेकरू निघताना ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून ॲडजस्ट करा’, एसटीत कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो तो हिशेब. इथे शब्द सरळ आहे, कारण दोन्ही बाजूंना आकडा माहीत असतो.

त्याहून सरळ वापर मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात ऐकते. मोटारसायकलची चेन ढिली होऊन खडखडायला लागली की मेकॅनिक ती ॲडजस्ट करतो. मागच्या चाकाचा नट सैल करतो, आणि दोन्ही बाजूंना जे बारके स्क्रू असतात ते एकेक करून फिरवतो. डावीकडे अर्धा फेरा, मग उजवीकडे अर्धा फेरा. पट्टीवरच्या रेघा दोन्हीकडे सारख्या आल्या की नाही ते वाकून बघतो. एका बाजूलाच पिळत राहिलं तर चाक तिरकं बसतं, गाडी एकीकडे ओढते आणि टायर एका अंगानं झिजतो. सगळं झाल्यावर खालची चेन मधोमध बोटानं वर-खाली करून पाहतो. दोन-तीन सेंटीमीटर ढील त्याला हवीच असते. ‘अजून टाइट कर की,’ असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तेव्हा तो म्हणाला, ‘नाही साहेब, तुम्ही बसलात की ती अजून ताणते. आत्ताच पूर्ण आवळली तर आधी चेन जाईल, मग बेअरिंग.’ गिऱ्हाइकाला पटलेलं दिसलं नाही. मी मात्र तिथेच उभी राहून सगळं बघितलं. माझं काम खरं तर स्कूटीत हवा भरण्याचं होतं आणि ते केव्हाच झालं होतं.

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. तिथे बाकडी भिंतीला लागून, लांबलचक. तिघांचं बाकडं नाही, त्यामुळे चौथी सीट नाही. मला वाटलं, चला, या शब्दाची नोकरी गेली. शिवाय आताच्या पोरांच्या कानात बोंडं. त्यांना म्हणणार काय आणि ऐकू जाणार काय. पण शब्दाच्या जागी आता एक खूण आली आहे. हाताची बोटं जुळवून तळवा जरासा बाजूला झटकायचा, डास हाकलल्यासारखा. कानातलं काढावं न लागता कळतं. परवा अंधेरीला चढले आणि मी ती खूण केली. कॉलेजातली एक मुलगी लगेच सावरून बसली, ‘बसा ना काकू’ म्हणाली. पण तिच्या सावरण्यानं होऊन होऊन किती जागा होणार? तिनं शेजारच्या मित्राला कोपरानं ढोसलं. ‘ए, ॲडजस्ट कर ना.’ त्यानं फोनमधून मान वर केली, दोघींकडे पाहिलं आणि ॲडजस्ट केलं. म्हणजे उठून उभा राहिला.